रेघ पाहून

शेर जमान म्हणाला, "मांडीचं नको नेऊ बाजी,
चिवट निघतं, खिम्याला ठीक."
मी मांडीचंच घेतलं. महिनाअखेर होती
आणि पाठीच्या मऊ तुकड्याचा भाव
काचेवर वाचूनच मी एक पाऊल मागे सरकले होते.
"दोन बोटं जाड काप," म्हटलं.
त्याने आधी माझी बोटं पाहिली, मग सुरी.

रात्री जाडं मीठ चोळून
ताटलीत उघडंच ठेवलं फ्रिजमध्ये,
अब्बांच्या इन्सुलिनच्या खालच्या फळीवर.
पाणी प्यायला उठले, दार उघडून उभे राहिले.
"हे झाकायचं राहिलंय."
"राहू दे, सुकायला हवं."
"आणि मांजर?"
तिसरा मजला, फ्रिजचं दार बंद, आणि मांजर.

अब्बांचे वरचे दात डिसेंबरात गेले.
खाली सात उरलेत, एकमेकांना न भेटणारे.
तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेत सूरला,
जिथे चाळीस वर्षांपूर्वी खाडीकाठी
त्यांनी गलबतांच्या फळ्या तासल्या.
आता असरची नमाज झाली की चालत जातात;
एकच गलबत उभं आहे, तेही कुठल्या हॉटेलासाठी.
त्याला हात लावून परत येतात.
बोटांना वास येतो. मी विचारत नाही कशाचा.

पुस्तकात लिहिलंय, भाजण्याआधी तासभर बाहेर ठेवा.
तो तास कुणा थंड गावचा.
इथे जुलै. वीस मिनिटांत मांसाने अंग सैल सोडलं.
कागदाने टिपलं, पुन्हा टिपलं,
ओलं राहिलं तर उकडतं, भाजत नाही.

तवा बिडाचा, मुरूडहून आणलेला, अम्माच्या घावनांचा.
बहिणींनी बांगड्या वाटून घेतल्या तेव्हा
हा कुणीच मागितला नाही.
विमानतळावर पडद्यावर काळा गोल उमटला,
वर्दीतल्या पोराने बॅग उचलून पाहिली,
"एवढं जड काय आहे?"
तवा, म्हटलं. त्याने पुन्हा उचलून पाहिली.

धूर निघेपर्यंत तापवला. मग टाकलं.
तो आवाज ऐकून अब्बा आतून आले
आणि छतावरचा अलार्मही जागा झाला.
अब्बा खुर्चीवर चढू पाहत होते, वर्तमानपत्राने वारा घालायला;
मी एका हाताने त्यांना धरलं, एका हाताने चिमटा.
"उलट ना, करपलं."
तीन मिनिटं, अब्बा.
"करपलं, सांगतोय."
उलटलं. खाली सुपारीचा रंग.

"आता दहा मिनिटं थांबायचं."
"झाल्यावर थांबायचं?"
"रस आत मुरतो."
"असं कुठे असतं," म्हणाले, पण बसले.
घड्याळाकडे तोंड करून.

मी सुरी टेकवली तेव्हा त्यांचा हात आला मनगटावर.
"थांब. रेघ बघ आधी."
चष्मा चढवला. अंगठा फिरवला मांसावरून,
एकदा सरळ, एकदा उलटा,
साग ओळखायचा तसा, डोळे अर्धे मिटून.
"ही बघ, अशी चाललीये.
फळी काढायची असेल तर हिच्या सोबत जा.
तोडायचं असेल तर आडवं."
ताटली पाव वळवली. सुरी माझ्याकडून घेतली.
पातळ, तिरके काप; प्रत्येक तंतू
नखाएवढा आखूड.

आत गुलाबी.
"कच्चं आहे."
"नाही हो."
"मग लाल का?"
त्यांच्या वाट्याचे मी परत तव्यावर टाकले,
मिनिटभर. शेर जमानने पाहिलं असतं तर रडला असता.

सात दातांनी ते चावत राहिले.
एसी घरघरत होता. मी माझ्या ताटाकडे पाहत होते.
चौथा काप उचलताना म्हणाले,
"वाटण घातलं असतंस तर..."
आणि पाचवा उचलला.

सकाळी त्याच तव्यावर घावन घातलं.
पहिलंच अख्खं सुटलं, काठ न फाटता,
मागून किंचित कालचा वास.
अब्बांनी घडी केली, चहात बुडवली.
म्हणाले, आज लवकर जातो खाडीवर,
तिथला तो पोरगा फळी चुकीची कापतोय.