कोरी कड

इसरारनं मागचं चाक फिरवलं, कडेला अंगठा टेकवला.
"दीदी, टायर बीच में ही घिस रहा है,
बाजू तो दुकान से जैसी आई, वैसी की वैसी."
दोन बोटं रुंद पट्टी, काळीभोर,
रबराचे बारीक केससुद्धा शाबूत,
रस्त्याला ती कधी भेटलीच नव्हती.
मी एक्केचाळीसची, बँकेत कॅश मोजणारी.
सरळच चालवते, म्हटलं.
तो हसला नाही. म्हणून मी त्याच्याकडेच जाते.

मग रविवार. सुपर कॉरिडॉरवरचा रिकामा प्लॉट,
साडेपाच वाजलेले, हवेत सिमेंटची धूळ.
निळू पागे खुणा म्हणून जिरावनाचे रिकामे डबे मांडतो.
त्याच्या गळ्याजवळचं हाड एकदा मोडून वाकडं जुळलंय,
टी-शर्टातून दिसतं,
त्यामुळे त्याचं ऐकावंसं वाटतं.

"ब्रेक आधी. वळणात शिरल्यावर घाबरायचं नाही,
जे काय घाबरायचं ते सरळ रस्त्यावरच उरकून घ्या."
"अर्धं बूड सीटबाहेर. अर्धं म्हणजे अर्धं, ताई."
"बाहेरची मांडी टाकीला घट्ट. हात मोकळे.
हँडल म्हणजे लटकायची खुंटी नव्हे."
"डावीकडे जायचंय? डावं हँडल पुढे ढकला."
पुढे?
"पुढे."
ढकललं.
आणि गाडी अशी डावीकडे ओणवली
जणू इतकी वर्षं कुणी तिला विचारलंच नव्हतं.

मला घरात, रामबागेतल्या शाळेत, पाहुण्यांसमोर
एकच शिकवलेलं: नीट बस.
लग्नानंतर मागच्या सीटवर, दोन्ही पाय एका बाजूला,
मांडीवर डबा, डब्यावर हात,
वळण आलं की श्वास रोखायचा
आणि दुसऱ्याच्या पाठीवर विश्वास ठेवायचा.
बाबांची विजय सुपर
रोज सकाळी तिरपी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही.
ती तिरपी, बाबा ताठ, इस्त्रीचा शर्ट.
पागे सांगतो ते बरोबर उलटं:
माणसानं आत झुकायचं,
म्हणजे गाडीला कमी झुकावं लागतं.
हे मला गणितात कळलं नाही,
कंबरेत कळलं, तिसऱ्या रविवारी.

मुठीचं मात्र मला माझंच सुचलं.
नवी कोरी नोट जशी धरतात,
सुटू नये एवढी, चुरगळू नये इतकीच.

नोव्हेंबरात जाम गेटचा घाट उतरले, एकटी.
दोन वळणं वहीत लिहिल्यासारखी.
तिसऱ्यात वाळू.
नर्मदेकडून ट्रॉली वर आली असावी,
ओंजळभर सांडलेली, ऐन माझ्या रेषेवर.
डोळे तिथंच चिकटले.
आणि जिकडे डोळे तिकडे गाडी,
हे डबे मांडणाऱ्या माणसानं शंभरदा सांगितलेलं.
कोपर ताठ झालं. बोटं ब्रेकवर गेली.
नीट बस, कुणीतरी म्हणालं.

गड्डीतल्या दोन चिकटलेल्या नोटा सोडवतात
तशी मी नजर सोडवली,
हनुवटी फिरवली, पार पुढे,
जिथं कठडा संपून रस्ता उघडत होता.
हात सैल. मांडी घट्ट. थ्रॉटल होता तसाच.
मागचं चाक बोटभर सरकलं,
विचार केल्यासारखं थांबलं,
आणि आलं.

खाली टपरीवर गुडघे मांजरासारखे थरथरत होते.
चहावाला गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला,
"कितना देती है?"

काल इसरारनं पुन्हा अंगठा टेकवला.
दोनाचं एक बोट झालंय.
"ये भी उड़ा दो, दीदी, लड़के लोग तो दिखाते फिरते हैं."
नको, म्हटलं.
ते एक बोट वाळूसाठी आहे,
न दिसणाऱ्या ट्रॉलीसाठी,
आणि मधल्या वळणात जी ताठ होते
त्या बाईसाठी. ती अजून येते अधूनमधून.
तिला बसायला जागा लागते.