गडगा

देवरुखला आम्ही याला गडगा म्हणायचो.
इथं, सेटलच्या वरच्या अंगाला, नुसती वॉल.
दगडावर दगड. चुना नाही, सिमेंट नाही,
आणि उतारावरून ती अशी पळत सुटते
की डोंगरानंच आपली रेघ आखून घेतली असावी.

शनिवारी दहा वाजता आम्ही सहाजण, उसने हातमोजे,
आणि ॲल्विन थ्वेट, वय एकोणऐंशी,
ज्याला कौतुक करायची सवयच नाही.
त्यानं माझा पहिला दगड पाहिला, काढला,
गवतावर ठेवला. दुसरा पाहिला. काढला.
तिसऱ्याला मी म्हटलं, मला हे जमणार नाही.
तो म्हणाला, "आत्ताशी दहा वीस झालेत."

मी एकसष्ट वर्षांची. लीड्सच्या इस्पितळात
एक्स-रे वाचण्यात हयात गेली.
लहानपणी सगळे म्हणायचे, पोरगी उपजत हुशार.
उपजत. म्हणजे आलं ते आलं,
नाही आलं ते आपलं नव्हेच.
तो शब्द मी काचेच्या बरणीसारखा जपला,
आपटू नये म्हणून कुठं नेलाच नाही.
सायकल एका दुपारीत सोडली, गुडघा फुटला म्हणून.
पेटी सोडली, मास्तरांनी शेजारच्या कुंदाला
माझ्याआधी नवा राग दिला म्हणून.
पोहणं तर धरलंच नाही.
लोक म्हणत, ही जे करते ते उत्तमच करते.
खरंच होतं.
जे उत्तम होणार नाही ते मी करतच नव्हते.

एकावर दोन, दोहोंवर एक.
सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
दगडाची लांबी आत, तोंड बाहेर.
पंधरा मिनिटांत पाठ. पाठांतरात माझा पहिला नंबर.
हातांना मात्र चार शनिवार लागले.

मेमध्ये दीड यार्ड उभं केलं.
नोव्हेंबरात जमीन गोठली, फुगली, सैल पडली,
आणि माझा तुकडा, माझाच, आजूबाजूचे शाबूत,
पोट फुटून रानात पसरला.
मी गाडीत जाऊन बसले. पाऊस नसताना वायपर लावले.
बरणी फुटल्याचा आवाज येईल म्हणून थांबले.
आला नाही. एक मेंढी तेवढी खोकत होती.

ॲल्विननं काचेवर टकटक केलं.
"बघ तरी, कुठून सुटलाय."
तो त्या ढिगासमोर उकिडवा बसला होता,
घाई नाही, राग नाही.
ती नजर माझ्या ओळखीची निघाली.
अनोळखी माणसांची मोडकी हाडं मी अशीच पाहिली होती.
हे हाड हुशार आहे का, असं कधी विचारलं नव्हतं.
कुठं तडकलं. कुठून भार आला.
एवढंच.

"आत पोकळ ठेवलंस."
मी तोंडं तेवढी सुबक लावली होती.
मग हातोडा चुकून उडालेल्या कपच्या,
माझ्याच, मेपासूनच्या,
त्यानं बादलीत भरून पुढ्यात ओतल्या.
भिंतीच्या पोटात ह्याच जातात. ह्याच धरून ठेवतात.

काल नात आली. केया, वय सात.
स्पेलिंगला वीसपैकी वीस.
तो जुना शब्द जिभेवर आलाच होता. गिळला.
विचारलं, कुठल्या शब्दानं जास्त छळलं?
ती फाटकापर्यंत विचार करत चालली.
"नेसेसरी. त्यात एस किती, तेच विसरते."
मग म्हणाली, यातली तुझी वॉल कुठली?
ती बघ, जिथं रेघ जरा झुकलीय तिथून.
"वाकडी आहे."
हो, म्हटलं. ढकलून बघ.
तिनं एका हातानं ढकलली. मग दोन्ही.
मग पाय रोवून, सगळं अंग लावून.

मी श्वास धरून उभी होते, खोटं कशाला सांगू.