निदानरेषा

आष्ट्याच्या वैजयंता घोडके, वय एकेचाळीस.
केसपेपरांवर सगळीकडे एकच शब्द: दमा.
इस्लामपूरच्या डॉक्टरांचं अक्षर, मग सांगलीतल्या दोघांचं,
मग कुणाच्या तरी काढ्याची चिठ्ठी, टाचणी लावलेली.
नऊ वर्षं पंप ओढला बाईंनी.
खोकल्यात कधी रक्ताची रेघ दिसली
तर उष्णता म्हणून सब्जा भिजवून प्यायल्या.

मी भूल देते. माझ्याकडे माणसं शेवटी येतात,
बांगड्या काढून, उपाशीपोटी.
पण त्या दुपारी मिरजेच्या ओपीडीत
मगदूम सरांनी हाक मारली, स्टेथो पुढे केला. "ऐक."
उजवीकडे स्वच्छ.
डावीकडे एकच शीळ,
बंद दाराच्या फटीतून वारा जातो तशी.
"दमा असा एका बाजूला बसून राहत नाही," सर म्हणाले.

दुर्बीण आत गेली.
डाव्या मोठ्या नळीत, वळणावर,
करवंदाएवढी गाठ. लाल, गुळगुळीत, चकाकणारी.
कुठे तरी पाहिलीय असं वाटावं इतकी साधी,
आणि माझ्या इतक्या वर्षांत ही तिसरीच.
शिरगुप्पे बाईंनी तुकडा तपासून लिहिलं: कार्सिनॉइड.
कॅन्सरच्याच भावकीतली, पण सावकाश चालणारी,
सर नवऱ्याला समजावत होते.
बाईंनी मधेच विचारलं,
"म्हणजे मला दमा नव्हताच?"
डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता.

मग कळलं, त्या खेळायच्या.
जिल्ह्याच्या संघात, चढाईला.
"निदानरेषा माहितीय का, मॅडम?
मधल्या रेषेच्या पलीकडची.
ती न ओलांडता माघारी आलं की बाद.
ह्यांच्यातलं कुणी नऊ वर्षांत तिच्यापर्यंत गेलंच नाही.
आणि बाद मी."

सकाळी आठ.
दोन तोंडांची नळी मी उजवीकडे बसवली,
डाव्याची हवा तोडली.
ते मिटत गेलं, पिळून टाकलेल्या फडक्यासारखं.
आता दम माझा, चढाई सरांची.
अख्खं फुप्फुस काढणं त्यातल्या त्यात सोपं असतं.
सरांनी फक्त नळीचं कडं कापलं, गाठीसकट,
बोटाच्या पेराएवढं.
दोन उघडी तोंडं समोरासमोर,
आणि आम्ही सगळे फोनकडे कान लावून.
ब्याण्णव. नव्वद. एकोणनव्वद.
"कडा स्वच्छ," शिरगुप्पे बाई म्हणाल्या,
मागे कुणी तरी कपबशी ठेवल्याचा आवाज.

टाके झाले. छातीत पाणी ओतलं,
सायकलच्या दुकानात घमेल्यात ट्यूब बुडवतात, तसंच.
"फुगव."
पिशवी दाबली.
बुडबुडा नाही.
आणखी दाबली.
कोपऱ्याकोपऱ्यातून गुलाबी होत
डावं फुप्फुस वर आलं,
आणि सरांनी पहिल्यांदा मान सरळ केली.

दीड महिन्यानं त्या तपासायला आल्या.
कॉरिडॉरच्या त्या टोकापासून, दबक्या आवाजात,
कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी
एक्स-रेच्या दारापाशी दम संपला. खोकल्या, भिंत धरली.
वॉचमन ओरडला.
"पूर्वी पार पलीकडे जायचे," म्हणाल्या.
मी पाठीला स्टेथो लावला.
शीळ नव्हती.

रात्री सांगलीला परतताना
विजयनगरच्या सिग्नलला, काचा वर करून,
मी म्हणून पाहिलं.
एकोणीस.
मग मागून हॉर्न.