चौथी वाकळ

तीन वाकळा अर्ध्यावर आहेत.
एक भाचीच्या बाळासाठी धरलेली,
बाळ आता सतरापर्यंत पाढे म्हणतं.
एक नुसत्या निळ्यांची. निळं संपत नाही, वाकळही.
तिसरीचं काय करायचं होतं, विसरले.

तरी शनिवारी पतपेढी सुटली की
पाय महाद्वार रोडला वळतातच.
शौकत टेलर पिशवी बाजूला काढून ठेवतो,
"मॅडम, खणाची कातरण आलीय,"
आणि पैशांऐवजी चहा घेतो.

इचलकरंजीचं पॉपलीन, हुपरीच्या लग्नातला फेटा,
तालमीतल्या पोरानं लाजत दिलेला
लंगोटाचा लाल तुकडा. कोरा आहे, म्हणाला.

पुराचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं तेव्हा
मी आधी कापडांची ट्रंक माडीवर नेली,
मग सिलिंडर.
पाहुणे आले की रंगराव अजून हे सांगतात.

सांगू देत.
त्यांच्या जुन्या शर्टाचा खिसा
काल रात्री चौथीच्या मधोमध बसवला.
उसवताना आत सापडलं
एसटीचं तिकीट, गगनबावड्याचं,
दोन माणसांचं.

तसंच राहू दिलं आत.
वरून धावदोरा.