दगडफुलाची गणती

मसाल्याच्या डब्यात तळाला उरलेलं दगडफूल आठवा:
करडं, कुरळं,
जळक्या कागदाच्या कडेसारखं.
तेलात पडेपर्यंत त्याला वास आहे
असं कुणी म्हणणार नाही.

त्याचीच चुलत भावंडं मोजायला
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी होल्डरनेसला जाते,
हलहून सुटणारी साडेआठची बस धरून.
गॉर्डन वेल्बर्नच्या गोठ्यांमागे ओकची राई.
अठराशे डुकरं, एक टाकी, चाळीस झाडं.

पहिल्या वर्षी सगळी खोडं पिवळी,
हळद लागल्यासारखी.
छान दिसतंय की, गॉर्डन म्हणाला.
छानच आहे, मी म्हटलं,
पण हा रंग अमोनियावर पोसलेला.
एकच जात माजते,
बाकीच्या उपासानं नाही, अजीर्णानं मरतात.

तो रागावला नाही. बूट खरवडत राहिला.
त्याचे वडील मैला हवेत उडवायचे, मोराच्या पिसाऱ्यासारखा,
आणि गाव खिडक्या लावून घ्यायचं.
हा पैशाचा वास, म्हणायचे.
वडील गेले. वास राहिला.
पैसा मधल्याच कुठल्या तरी स्टॉपवर उतरला.

दगडफुलासाठी त्यानं काहीही केलं नाही,
हे आधी लिहून ठेवते.
सुपरमार्केटच्या करारात एक कलम आलं.
मुलगी रोवेना कृषी कॉलेजातून परतली
आणि बापाशी सहा आठवडे बोलली नाही.
मग टाकीत भाजक्या मातीच्या गोळ्या ओतल्या, ट्रकभर,
बोराएवढ्या.
त्या तरंगत राहिल्या, मैल्यावर साय धरावी तशा.
ब्राझीलचं सोयाबीन घटलं,
शेजारच्या शेतातले बीन्स भरडून आले.
डुकरांनी दोन दिवस तोंड फिरवलं,
तिसऱ्या दिवशी कुंड चाटून लख्ख.
मैला आता जमिनीलगत नळ्यांतून सोडतात,
झारीनं रोपाला पाणी घालावं तसा.

खांबावरच्या नळीतला आकडा उतरला.
एका उन्हाळ्यात पुन्हा चढला;
गोळ्या वाऱ्यानं एका कडेला जमल्या होत्या,
ते रोवेनानं सांगितलं नाही,
दिसत होतं म्हणून मीही विचारलं नाही.
आणि झाडं काही आकडे वाचत नाहीत.
पाच वर्षं माझ्या रकान्यात शून्य,
परतीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी,
कोट रात्रभर बाल्कनीत.
डुक्कर खातेस का, हे गॉर्डननं कधी विचारलं नाही.
ते एक बरं आहे त्याचं.

या मार्चात सत्तावीस नंबरच्या झाडावर,
उत्तरेच्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर,
नखाहून लहान, करडा एक झुबका.
मी हाक मारली. तो चष्मा पुसत आला.
एवढंच?
एवढंच.
उपयोग काय याचा?
आई मसाल्यात घालते, म्हटलं. हे नाही, याच्या नात्यातलं.
त्यानं खोडाला नाक लावलं,
बराच वेळ, डोळे मिटून.
वासच नाही, म्हणाला,
तक्रार केल्यासारखा.

मागे खाद्याची मोटर सुरू झाली
आणि अठराशे गळे एकदम फुटले.
त्या गलक्यात मी वही उघडली.
झाड सत्तावीस: एक.
पेन्सिलीनं लिहिलं.
करार सप्टेंबरात संपतो.