ठसा

कळमन्यात, संत्र्यांच्या शीतगृहात
भिंतीवरच्या करड्या डबीला
आपण कोण ते सांगायचंय.

बाहेर बेचाळीस, आत चार अंश.
स्वेटरवरून ओढणी गुंडाळून
मी रिकाम्या क्रेटवर, लॅपटॉप मांडीवर.

"लालच दाखवून राहिलं मॅडम," देवाजी दारातून,
"काहून? चोर घुसला का?"
नाही, म्हटलं, जुनं प्रमाणपत्र संपलं.
नवं करू. तिचं तीच सही करेल.

आधी किल्ली,
जी डबीबाहेर कधीच जायची नाही.
मग रकाने :
राज्य महाराष्ट्र, शहर नागपूर,
देणारा – शीतकक्ष तीन.
घेणारा – शीतकक्ष तीन.

माझ्या बाबांनी चौदा वर्षं
पडताळणी समितीला कागद पुरवले.
आजोबांचा दाखला, मराठी दुसरी नापास,
तांडापेठेतल्या मागाची पावती,
पन्नासच्या आधीचं काहीही
ज्यावर दुसऱ्या कुणाची सही असेल.
बाबा मागावर बसले की
नुसत्या धोट्याच्या आवाजावरून
अख्खी गल्ली ओळखायची, हेडाऊ बसला.
तो आवाज जोडायला रकाना नव्हता.

आणि ही डबी.
घड्याळाचा सेल मेलेला,
तिच्या लेखी आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
तरी एंटर दाबताच
मी म्हणजे मीच, असं लिहून मोकळी.

हेवा वाटला. खोटं कशाला बोलू.

सेल बदलला, तारीख लावली, पुन्हा केलं.
ब्राउझर तरी लालच :
हिला ओळखणारं कुणी माझ्या ओळखीचं नाही.
त्याचंही बरोबर आहे.

मग देवाजीला ऑफिसात पाठवलं, फोन लावला.
डबीच्या चिमुकल्या पडद्यावरून
मी ठसा वाचू लागले –
सात एफ. शून्य तीन. बी बी. एक्केचाळीस.
"एक्केचाळीस. हाव."
बत्तीस जोड्या. ओठ गारठलेले.
"थांबा थांबा. बी का डी?"
डी. डबीतला डी.
"मंग बरोबर. वाचा पुढं."

शेवटची जोडी जुळली तेव्हा
दोघंही जरा गप्प.

"धोका पत्करून पुढे जा, असं लिहून राहिलंय.
पत्करू?"
पत्कर.

कळ दाबल्याचा आवाज. मग त्याचा :
"चार पॉइंट दोन, मॅडम. दिसून राहिलं."