सतरावा रिव्हेट

साडेतीनच्या फेरीला तो चढतो, रायबंदरहून.
चालत येणाऱ्याला तिकीट नाही,
म्हणून त्याला कोणी हटकत नाही;
मीही साखळी लावतो आणि दुसरीकडे बघतो.
पाण्याच्या बाटलीवर चिकटपट्टी: वेदांग शिरोडकर, पाचवी ब.

स्कूटरवाले हेल्मेट न काढता फोन बघतात,
मासेवाली टोपलीवरचा पाला सारखा करते.
हा कठड्याला टेकून गाल फुगवतो
आणि इंजिनाचा सूर बदलेपर्यंत श्वास सोडत नाही.
मग अंगठा. एकेका रिव्हेटवर दाबून,
ओठ हलवत, चौतीसपर्यंत.
मधे चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

चोडण येतं. सगळे उतरतात. हा नाही.

काही दिवस एकाच खेपेचे असतात.
गणिताचा पेपर हातात मिळाला तो दिवस दोन खेपांचा.
परवा चार झाल्या.
कांदळवनावर ऊन तिरपं झालं, ओहोटीने चिखल उघडा पडला,
तेव्हा मी म्हटलं, "घरा वच रे पुता, आवय वाट पळयता."
तो पाण्याकडेच बघत म्हणाला:
"ते दोघं बोलत नाहीत ना.
आई म्हणते, सांग त्यांना, गॅस संपलाय.
बाबा म्हणतात, सांग तिला, मला माहीत आहे.
स्वयंपाकघर ते हॉल. हॉल ते स्वयंपाकघर.
काल मी मधेच ओरडलो. कप फुटला.
म्हणजे, मी फोडला."
मग जरा थांबून:
"इथे बरं. इथे तुम्ही चालवता."

मला काय उत्तर सुचणार?
दोर त्याच्या हातात दिला.
"ओढ. पण पाय लांब ठेव."
फळी धाडकन पडली धक्क्यावर.
हसला नाही तो. पण उतरला,
बाहीने नाक पुसलं,
आणि चढावर एका दगडाला लाथ मारली,
एकच, मोजून.

त्या रात्री साहेबाने मला सगळ्यांसमोर झापलं,
डिझेलच्या हिशोबावरून, जो माझा नव्हताच.
तोंडाशी आलेलं गिळून कठड्याशी गेलो.
पाहतो तर अंगठा रिव्हेटवर.
पंधरा, सोळा.
सतराव्याचा रंग उडालेला, लोखंड गुळगुळीत;
पोर तिथे जास्त वेळ थांबत असणार.

एप्रिलात बोट रंगायला काढली.
सगळ्या कठड्याला दोन हात.
मुकादम म्हणाला, एक राहिलाय बघ.
म्हटलं, राहू दे.